सव्वाचार मिनिटांत एक विमान

१२ जून २०१४ रोजी एअरएशिया इंडियाचं पहिलं विमान बंगळुरूहून गोव्याला उडालं. सुरुवातीचं तिकीट सर्व करांसह ९९० रुपये होतं. एअरबस ए-३२० मध्ये जागा १८०. समजा, सगळ्या जागा त्याच दराने भरल्या, तर एका फेरीचा गल्ला होतो १ लाख ७८ हजार २०० रुपये.

आता २०२१-२२ या आर्थिक वर्षाकडे येऊ. त्या वर्षी कंपनीला २,१७८ कोटी रुपयांचा तोटा झाला. म्हणजे दिवसाला जवळजवळ सहा कोटी, तासाला पंचवीस लाख, मिनिटाला एकेचाळीस हजारांच्या वर. गोव्याच्या त्या खचाखच भरलेल्या विमानाची सगळी कमाई सव्वाचार मिनिटांत फस्त! आदल्या वर्षीचा तोटा होता १,५३२ कोटी. दोन वर्षं मिळून ३,७१० कोटी. दर सेकंदाला एक रुपया, झोपही न घेता, असं मोजत बसलं तर ही रक्कम मोजायला १,१७५ वर्षं लागतात. २०२२ मध्ये मोजणी संपवायची, तर ती राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात सुरू करावी लागली असती. वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेल्याला तेव्हा शतकही उलटलं नव्हतं.

कोविडने घाव घातला हे खरं. २०२० मध्ये देशांतर्गत उड्डाणं दोन महिने पूर्ण बंद होती. पण तोटा त्याच्याही आधीपासून होता. विमानांचं भाडं डॉलरमध्ये जातं, तिकिटाचे पैसे रुपयात येतात. इंधनावर राज्यांचा कर वेगळाच. मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता, २०२३ मध्ये १८ वर आला. परदेशी उड्डाणासाठी पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमानं हवीत, हा नियम २०१६ पर्यंत होता. पण मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते आकाराचं. एअरएशिया इंडियाकडे तीसएक विमानं, तर इंडिगोकडे २०२२ पर्यंत पावणेतीनशेच्या आसपास. वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, तिकीट विक्रीची यंत्रणा हा खर्च तीस विमानांवर वाटायचा की पावणेतीनशेंवर, यावर तिकिटाचा दर ठरतो. स्वस्त तिकिटाच्या धंद्यात छोटं राहणं परवडत नाही.

मलेशियाच्या एअरएशिया समूहाचा या कंपनीत ४९ टक्के वाटा होता. २०२० मध्ये समूहालाच पाच अब्ज रिंगिटहून जास्त तोटा झाला. जपान आणि भारत इथले व्यवसाय रोकड शोषताहेत, हे समूहाने त्या नोव्हेंबरमध्ये उघडपणे मान्य केलं. जपानची कंपनी तर त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली, २,००० कोटी येनहून जास्त देणी मागे ठेवून.

भारतातला वाटा मात्र विकला गेला. डिसेंबर २०२० मध्ये ३२.६७ टक्के हिस्सा टाटा सन्सकडे गेला, ३ कोटी ७६ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे २७६ कोटी रुपयांना. उरलेल्या १६.३३ टक्क्यांचे पुढे साधारण १५६ कोटी ठरले. एकूण ४३२ कोटी. साडेसहा वर्षं राबून उभ्या केलेल्या विमान कंपनीच्या जवळजवळ निम्म्या मालकीची ही किंमत २०२१-२२ च्या तोट्याचे जेमतेम ७२ दिवस भरून काढते.

किंमत क्षुल्लक वाटते. पण विकणाऱ्याने खरं काय वाचवलं, ते दुसऱ्या आकड्यात आहे. ४९ टक्के मालकी तशीच राहिली असती, तर २,१७८ कोटींतला त्याचा वाटा झाला असता १,०६७ कोटी. १६.३३ टक्क्यांवर तो ३५६ कोटींवर आला. म्हणजे विक्रीमुळे एका वर्षात ७११ कोटींचा भार टळला, हातात पडलेल्या २७६ कोटींच्या अडीचपटीहून जास्त.

हे गणित एअरएशिया समूहाचे प्रमुख टोनी फर्नांडिस यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. २००१ मध्ये मलेशियाच्या डीआरबी-हायकॉमला स्वतःची तोट्यातली विमान कंपनी नकोशी झाली होती. फर्नांडिस यांनी ती एका रिंगिटला घेतली. सोबत दोन विमानं आणि चार कोटी रिंगिटचं कर्ज. तीच एअरएशिया. तेव्हा ते घेणारे होते, २०२० मध्ये देणारे झाले.

विकण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता, फक्त उशिरा झाला. तीस विमानांवर थांबायचं होतं तर आधीच बाहेर पडायला हवं होतं. तरी जपानसारखं कुलूप न लावता कंपनी चालती ठेवून दुसऱ्याच्या हाती दिली, म्हणून वैमानिक, केबिन क्रू आणि आगाऊ तिकीट काढलेले प्रवासी रस्त्यावर आले नाहीत. हे श्रेय दोन्ही बाजूंना द्यायलाच हवं. १ ऑक्टोबर २०२४ रोजी ही कंपनी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली.