पोरगं साध्या बोलण्यावर खेकसतंय? माज नव्हे, चिंताही असू शकते; जाणून घ्या तरुण मेंदूत काय घडतं

सातारा/सांगली : उसाला पाणी पाजून बाप रात्री घरी येतो. बारावीच्या पोराला एवढंच विचारतो, "जेवलास का?" पोरगं खेकसतं, "सारखं काय मागं लागताय?" आणि दार लावून घेतं. आई म्हणते मोबाईलनं बिघडवलं, चुलता म्हणतो माज आलाय. बारावी, नीट, पोलीस भरती, एमपीएससी यांच्या तयारीतल्या पोरांच्या घरात हे चित्र नवं नाही. पण दरवेळी तो माजच असतो असं नाही.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याचं काम दारातल्या कुत्र्यासारखं. धोका दिसला की भुंकायचं. मग छाती धडधडते, हाताला घाम येतो, पोटात गोळा येतो. कपाळामागचा भाग म्हणजे घरातला जाणता माणूस. "गप, पाहुणा आहे," असं म्हणून तो कुत्र्याला शांत करतो.

अडचण अशी की हा जाणता भाग पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. कुत्रं मात्र आधीच तयार असतं. त्यात चिंता कायमची मुक्कामाला आली, तर ते पाहुण्यावरही भुंकू लागतं.

एमआरआय मशीनमध्ये तरुणांना वेगवेगळे चेहरे दाखवून शास्त्रज्ञांनी हे तपासलं आहे. चिंता जास्त असलेल्या अनेक मुलांत भ्यालेला किंवा रागावलेला चेहरा पाहून अमिग्डाला जास्त जोरात कामाला लागतो. साधा, गप्प चेहराही अशा मुलांना रागावलेला वाटू शकतो. म्हणजे बाप नुसता दमलेला असतो, पोराला तो चिडलेला दिसतो.

ऑगस्ट 2019 चा कृष्णेचा महापूर किंवा जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात कोसळलेल्या दरडी ज्या लहानग्यांनी पाहिल्या, ती आज तरुण आहेत. त्यातल्या काहींना रात्रीच्या पावसाच्या आवाजानंही धडकी भरू शकते. तो भित्रेपणा नाही, मेंदूनं लक्षात ठेवलेला धोका आहे.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. 13 ते 17 वयातल्या सुमारे 7 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे शंभरात सात पोरं.

घरच्यांनी काय करावं?

- पोरगं तापलेलं असताना वाद घालू नका. तासाभरानं बोला.
- मनातलं तोंडानं सांगा : "मी रागावलो नाही, दमलोय." चेहऱ्यावरून ओळखायचं त्याच्यावर सोडू नका.
- शेजारच्या पोराच्या मार्कांशी तुलना नको.
- श्वास सावकाश सोडायला शिकवा. त्यानं धडधड कमी होते.
- झोप मोडून अभ्यास नको.
- भीती वाटते म्हणून शाळा-क्लास कायमचा सोडू देऊ नका. टाळलं की भीती वाढते. थोडं थोडं सामोरं जाऊ द्या.

दोन-तीन आठवडे झोप, जेवण, अभ्यास बिघडलेला असेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. समुपदेशनानं बरीच मुलं सावरतात. 'टेलि-मानस'चा 14416 हा नंबर मोफत असून चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा तोंडात आली, तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटं सोडू नका.

पाय मोडला तर आपण पोराला उचलून दवाखान्यात नेतो. मन घाबरलं तर "नाटकं करतोय" म्हणू नये.