आजींनाही ताडोबाला न्या

हिवाळा लागला की चंद्रपूरकरांच्या घरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, आणि प्रत्येकाला वाघ पाहायचा असतो. गेल्या डिसेंबरात आलेल्या स्नेह्यांसोबत त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री होत्या. मधुमेह, रक्तदाब आणि दुखरे गुडघे. ‘आई घरीच थांबेल,’ असे मुलाने परस्पर ठरवूनही टाकले होते. आईंना मात्र यायचे होते, आणि त्यांनी येऊ नये असे वैद्यकीय कारण मला दिसेना.

ताडोबाची सफारी हा बसून करावयाचा प्रवास आहे. अडचण येते ती वेळापत्रकाची. प्रवेशद्वारावर सूर्योदयापूर्वी पोहोचावे लागते, पुढचे सुमारे चार तास उघड्या जिप्सीत जातात आणि ठरलेल्या जागेखेरीज खाली उतरता येत नाही. स्वच्छतागृहाच्या धास्तीने अनेक ज्येष्ठ आदल्या रात्रीपासून पाणीच बंद करतात. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी पहाटे घेतली की दुहेरी पंचाईत. ही गोळी त्या दिवशी परतल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. पाणी घोटघोट घेत राहावे.

त्याहून गंभीर प्रश्न मधुमेहाच्या औषधांचा. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे आणि न्याहारी दहा वाजता करायची, हे धोक्याचे आहे. साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात. पण वृद्धांमध्ये ही लक्षणे नेहमी स्पष्ट नसतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही ती झाकून टाकतात. माणूस नुसता गप्प होतो, असंबद्ध बोलतो, आणि सोबतच्यांना वाटते, पहाटे उठल्यामुळे पेंगुळले असतील. शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. आम्ही आजींच्या औषधांची वेळ त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून बदलली आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवली.

हाडे ठिसूळ झालेल्यांना मागच्या आसनावर बसवू नये. तेथे हादरे सर्वाधिक बसतात. एखाद्या खड्ड्यानेही मणका दबू शकतो. कानटोपी आणि घोंगडी हवीच. पहाटेच्या गार वाऱ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयविकार असलेल्यांच्या छातीत दुखू लागते. गार वाऱ्यामुळे होत असेल, म्हणून त्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये.

वाघ दिसला नाही. ताडोबा तलावाच्या काठी पडलेली मगर मात्र सर्वांत आधी आजींनाच दिसली. आम्ही तिला ओंडका समजत होतो. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू या गावप्रमुखाची कथा त्यांना मार्गदर्शकाने सांगितली. त्याच्या नावावरूनच ताडोबा हे नाव पडले, अशी येथील आदिवासींची श्रद्धा आहे. हे राष्ट्रीय उद्यान 1955 चे.

पायी फिरण्याची हौस दुसऱ्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यात भागवली. आलापल्लीजवळचे जुन्या, उंच सागांचे वन 2014 मध्ये राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ घोषित झाले. झाडांच्या शेंड्यांकडे पाहताना मान मागे टाकावी लागते, आणि नेमकी तेव्हाच वृद्धांना भोवळ येते. म्हणून चालताना वर पाहू नये. थांबून, काठी टेकून, कुणाचा तरी हात धरून पाहावे. चालता चालता सलग बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. आजी अर्धा तास चालल्या आणि उरलेला वेळ दुमडत्या खुर्चीवर बसून पक्ष्यांचे आवाज ऐकत राहिल्या. त्यांचा मुलगाही हळूहळू त्यांच्याजवळच येऊन बसला.

गडचिरोलीच्या जंगलात हिवताप आजही आहे, तोही फाल्सिपेरम जातीचा. पूर्ण बाह्यांचे कपडे, डासरोधक मलम आणि रात्री मच्छरदाणी वापरावी. घरी परतल्यावर महिनाभरात ताप आलाच, तर गावच्या डॉक्टरांना ‘आम्ही गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलो’ हे न विचारता सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासावे. अंगावर कोठे काळी खपली दिसते का, हेही काखा-जांघांत पाहावे. गवतातील चिगर माइट या किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असते. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात हे दोन्ही आजार चटकन कुणाच्या मनात येत नाहीत.