काहींची पुंजी अंगात, काहींची अंड्यात

अजिंठ्याची दरी जुलैत पाहावी आणि मेमध्येही पाहावी. जुलैत वाघूर नदी सातकुंडांतून उड्या घेत येते. मेमध्ये पात्रात तापलेला काळा पाषाण तेवढा उरतो. दख्खनच्या पाण्यातल्या जिवांना याच वेळापत्रकात जगावे लागते. ते सर्वांत काटेकोर पाळतात प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. भिक्खू वर्षावासासाठी लेण्यांत शिरत, तेव्हा बाहेर यांची लगबग सुरू होत असणार.

कातळातल्या खळग्यात पाणी साचले की जलपिसवांच्या माद्या नराशिवायच माद्यांना जन्म देतात. शेवाळ मुबलक आहे तोवर वंश वाढवून घ्यायचा. पाणी आटू लागले, गर्दी झाली, की त्याच माद्यांना नर होतात. मीलनानंतरची अंडी मादीच्या कवचातल्या जाड पेटीत बंद होतात आणि पेटी चिखलात पडून राहते. उताण्या पोहणाऱ्या फेअरी श्रिंपची अंडीही अशीच चिखलात पडून राहतात. तिची ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस’ ही जात विज्ञानाला कळली ती थेट 2014 मध्ये! तिच्या नात्यातल्या आर्टेमियाच्या अंड्यात गर्भाची वाढ थांबते, जवळजवळ सारे पाणी निघून जाते आणि ट्रेहॅलोज नावाची साखर पेशींची घडी मोडू देत नाही. शिवाय अशी सगळी अंडी पहिल्या पावसाला फुटत नाहीत. दुबार पेरणीची धास्ती असलेला शेतकरी थोडे बियाणे मागे ठेवतो, तसेच हे.

आता उत्तरेकडे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे 2008 पासून 79 अंश उत्तरेला, स्वालबार्डमध्ये आहे. शेजारच्या काँग्सफ्योर्डमध्ये 2014 साली 192 मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी सोडली गेली. तिथला दुष्काळ अंधाराचा. वसंतात काही आठवडे शेवाळ फुलते. तांदळाच्या दाण्याएवढा कॅलानस नावाचा प्राणिप्लवक ते खाऊन अंगातल्या पिशवीत मेणासारखी चरबी साठवतो आणि शेकडो मीटर खाली जाऊन निपचित पडतो. तिथे थंडीमुळे साठा सावकाश जळतो. कॅलानस हायपरबोरियसची मादी तर ऐन हिवाळ्यात, उपाशीपोटी, निव्वळ चरबीच्या बळावर अंडी घालते. कॅलानस फिनमार्किकसच्या मादीला हे जमत नाही; तिची बहुतेक अंडी वसंतातल्या ताज्या खाण्यावर होतात.

आपल्याकडे चरबीची युक्ती चालली नसती. उन्हाळ्यात साठा भराभर संपला असता, आणि पाणीच नाही तिथे शरीर काय टिकणार? म्हणून इथे सारी पुंजी अंड्यात.

अटलांटिकचे उबदार पाणी काँग्सफ्योर्डमध्ये शिरते तेव्हा त्याबरोबर लहान, कमी चरबीचा फिनमार्किकस येतो आणि कॅलानसवर जगणाऱ्या लिटल ऑक पक्ष्यांच्या वाट्याला हलका घास येतो. आपल्या डबक्यांचा धोका साधा आहे: पावसात मोठा खंड पडला तर अंडी घालण्याआधीच पाणी आटते, आणि खळगा मुरमाने बुजवला तर अंडी कायमची गाडली जातात. प्राणिप्लवकांवरचे आपले प्रबंध बहुतेक धरणांभोवतीच फिरतात. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येता पावसाळा कातळावरच्या डबक्यांना द्यावा. एक बारीक जाळी आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर काम भागते.