एका ‘ऑफ’ने लंडन हुकलं!

शुक्रवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर मी, सिक्युरिटीवाले काका आणि कॉफी मशीन, एवढेच जागे. तीन आठवडे मरमर करून रिलीज एकदाचं गेलं होतं. लंडनच्या मॅनेजरला मेल टाकला. काम झालंय, सोमवारी जरा उशिरा येईन, कारण ‘आय ॲम टायर्ड ऑफ धिस प्रोजेक्ट’. सेंड दाबलं, कॅब पकडली आणि घरी जाऊन मेल्यासारखी झोपले.

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ‘‘काय गं, प्रोजेक्ट सोडायचा होता तर आधी मला सांगायचंस ना!’’ मी चाट! लंडनला जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव कटलं होतं. मला म्हणायचं होतं ‘दमलेय’, आणि मी लिहून बसले होते ‘कंटाळलेय’. कामाने दमलात तर ‘टायर्ड फ्रॉम’ किंवा ‘टायर्ड आफ्टर’. कामाचा वीट आला तर ‘टायर्ड ऑफ’. स्पेलचेकने लाल रेघ का नाही मारली? कशी मारणार! वाक्य बरोबरच होतं, अर्थ तेवढा भलताच.

मग मी माझे जुने मेल उघडले. बापरे! ‘अँग्री ऑन’, ‘मॅरिड विथ’, ‘गुड इन’, ‘सीनिअर दॅन’... आणि एकदम ट्यूब पेटली. हे सगळं मराठीच होतं की! आपण रागावतो कोणा‘वर’, म्हणून ‘ऑन’. लग्न होतं कोणा‘शी’, म्हणून ‘विथ’. हुशार असतो गणिता‘त’, म्हणून ‘इन’. मोठा असतो कोणा‘पेक्षा’, म्हणून ‘दॅन’. शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेले आपले प्रत्यय गुपचूप इंग्रजीत शिरतात. तिकडे मात्र ‘अँग्री विथ’, ‘मॅरिड टू’, ‘गुड ॲट’, ‘सीनिअर टू’ हवं असतं. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपिरिअर’ ही लॅटिनमधून आलेली मंडळी. त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’च लागतो.

या चुका तशा निरुपद्रवी. समोरच्याला कळतं, फार तर तो गालात हसतो. खरा लोच्या होतो तो दोन्ही जोड्या बरोबर असतात तेव्हा. ‘कन्सर्न्ड अबाउट’ म्हणजे काळजी वाटणं, ‘कन्सर्न्ड विथ’ म्हणजे संबंध असणं. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे त्या कामाची जबाबदारी तुमची, ‘रिस्पॉन्सिबल टू’ म्हणजे तुम्ही ज्याला उत्तर देता तो बॉस. ‘अँक्शस अबाउट’मध्ये धाकधूक, तर ‘अँक्शस फॉर रिझल्ट्स’मध्ये कधी एकदा मिळतंय ही घाई. ‘गुड’चं तर विचारूच नका! कामात तरबेज तो ‘गुड ॲट’, मुलांशी ज्याचं छान जमतं तो ‘गुड विथ’, तुमच्याशी चांगला वागतो तो ‘गुड टू’ आणि तब्येतीला चांगलं ते ‘गुड फॉर’.

मग करायचं काय? नियम शोधत बसू नका, फारसे सापडत नाहीत. विशेषण एकटं पाठ न करता जोडीनेच पाठ करा, मोबाइल नंबरसारखं. अडलं तर लर्नर्स डिक्शनरी उघडा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर खास शिकणाऱ्यांसाठी एक डिक्शनरी केली. ती १९४२ मध्ये टोकियोत निघाली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापली. आजची ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ ती हीच. त्यात शब्दासोबत त्याचा जोडीदारही दिलेला असतो. आणि काही ठिकाणी निवांत राहा. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ही ऐकू येतं.

सरांना मी सगळं समजावलं. ते पोट धरून हसले, लंडनलाही फोन केला. पण तोवर तिकीट दुसऱ्याच्या नावावर निघालं होतं. आता रात्री दहानंतर लिहिलेला मेल मी ड्राफ्टमध्येच ठेवते आणि सकाळी चहा घेऊन पुन्हा वाचते. सरांवर राग? छे! मी ‘अँग्री विथ’ कोणी असेन, तर ती स्वतःच. आणि हो, यावेळी ‘विथ’ तपासून घेतलंय!