पूर्वीची शर्यत आणि आत्ताची आठवण
(शिरगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय शर्यतीचा आहे, आणि बोलणार तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. तेव्हा वेग जरा कमीच राहील, सांभाळून घ्या.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक वाक्य असतं. ‘आता ती पूर्वीची मजा राहिली नाही.’ गणपतीबद्दल असतं, क्रिकेटबद्दल असतं, आंब्याबद्दल तर असतंच. मला आज हे वाक्य तपासायचं आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतोय बैलगाडीच्या शर्यतीचं. कारण ही शर्यत मधली काही वर्षं कायद्यानं बंद होती आणि मग परत सुरू झाली. म्हणजे ‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांच्यामध्ये स्वच्छ रेघ आहे. अशी सोय तत्त्वज्ञानाच्या माणसाला क्वचित मिळते.

तारखा पटकन सांगतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. त्याआधीही निर्बंध येऊन गेले होते. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानं शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. योगायोग बघा, २०१४ हेच आपला पालघर जिल्हा वेगळा झाला ते वर्ष.

आता माझी शर्यत सांगतो. ती शर्यत नव्हतीच खरं तर. साठच्या दशकात भाजीच्या पाट्या आणि खायच्या पानांचे करंडे घेऊन इथून बैलगाड्या पालघर स्टेशनला जायच्या. जाताना कोणी घाई करत नसे, माल असायचा. परतताना गाडी रिकामी आणि बैलांना घरची ओढ. मागच्या गाडीचे घुंगरू जवळ आले की पुढचा गाडीवान सावरून बसायचा, आणि मग पुढचा मैलभर जे काही व्हायचं ते व्हायचं! बक्षीस काही नाही. जिंकणारा घरी लवकर पोचायचा, एवढंच. आमच्या गाडीवर माझा मोठा भाऊ, मागे दांडा घट्ट धरून मी.

पुढे नोकरीनिमित्त पुणे जिल्ह्यात राहिलो, तेव्हा खरी बैलगाडा शर्यत पाहिली. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागातली. चढाचा घाट, पुढे घोडीवर स्वार, मागे बैलांच्या दोन जोड्या, घड्याळावर मोजलेले सेकंद, आणि निवेदकाचा तो ‘भिर्रर्र’. सातारा-सांगलीकडे सपाटीवर हलका छकडा पळवतात, विदर्भात शंकरपट म्हणतात. प्रत्येक भागाचं शास्त्र वेगळं, आणि प्रत्येक भागातला म्हातारा म्हणतो की आता ती मजा नाही.

हे फक्त आपलं आहे का? माझा एक भाचा अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. त्याच्याकडे गेलो असताना तो मला मोटारींच्या शर्यतीला घेऊन गेला. त्यांना ‘स्प्रिंट कार’ म्हणतात. मातीचा लंबगोल ट्रॅक, अर्ध्या मैलाचा किंवा त्याहून लहान. गाडी सहा-सातशे किलोची आणि इंजिन सुमारे नऊशे अश्वशक्तीचं. गिअरबॉक्स नाही, स्टार्टर नाही. दुसऱ्या गाडीनं ढकलून ती सुरू करावी लागते. हे ऐकून मला आमच्या कॉलेजची जीप आठवली, पण ते असो.

या गाडीच्या डोक्यावर छपरासारखा एक पंख असतो. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हा उलटा बसवलेला, म्हणून हवा गाडीला खाली दाबते. चाकं मातीला जास्त घट्ट धरतात आणि वळणावर वेग कमी करावा लागत नाही. गाडी उलटली तर पहिला मार तो पंख खातो, हा आणखी एक फायदा. ओहायोतल्या कोलंबस इथं जिम कुशमन नावाच्या चालकानं १९५८ मध्ये असा पंख पहिल्यांदा बसवला, असं मानतात.

आता गंमत इथं आहे. पंख आला तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली. पंख लावून कोणीही वळेल, खरा चालक बिनपंखाचा! पुढे १९७८ मध्ये टेड जॉन्सन यांनी ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही पंखवाल्या गाड्यांची फिरती स्पर्धामालिका सुरू केली. स्टीव्ह किन्झर यांनी ती पहिल्याच वर्षी जिंकली आणि एकूण वीस वेळा जिंकली. आज तिथल्या बाकांवर बसलेले माझ्या वयाचे लोक कशासाठी हळहळतात? पंखवाल्या गाड्यांच्या त्या सुरुवातीच्या दिवसांसाठी! चालक घरामागच्या शेडमध्ये स्वतः गाडी जोडायचा, ट्रेलरवर घालून गावोगाव जायचा, ते दिवस. ज्या गोष्टीनं एका पिढीचं ‘पूर्वीचं’ बिघडवलं, तीच पुढच्या पिढीचं ‘पूर्वीचं’ झाली.

आपल्याकडेही तेच. लाकडी चाकांच्या गाडीवाल्याला लोखंडी छकडा म्हणजे खेळणं वाटतं. छकडेवाल्याला बंदीच्या आधीचे दिवस सोन्याचे वाटतात, आणि बक्षिसाला थार गाडी लागली की तो नाक मुरडतो.

मग हे सगळं खोटं म्हणायचं का? इथं शब्द नीट बघू. ‘नोस्टाल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझेलमध्ये घडवला. ग्रीक ‘नोस्टॉस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गॉस’ म्हणजे वेदना. परमुलखात असलेल्या स्विस लोकांना होणारा आजार होता तो! औषध एकच, घरी पाठवणं. कांटनं १७९८ च्या ‘मानवशास्त्र’ या ग्रंथात यावर मार्मिक लिहिलं आहे. त्याचा आशय असा की ही माणसं घरी परततात, निराश होतात आणि त्यामुळेच बरी होतात. त्यांना वाटतं गाव बदललं. खरं म्हणजे त्यांना तारुण्य परत हवं होतं, आणि ते गावात नसतं.

मराठी शब्द वेगळा आहे, स्मरणरंजन. आपण त्याचा अर्थ करमणूक असा घेतो. पण ‘रञ्ज्’ हा धातू रंगण्याचा आहे, रंग आणि रक्त हे शब्द त्यातलेच. स्मरणरंजन म्हणजे आठवणीला रंग चढणं. ग्रीकांच्या शब्दात दुखणं आहे, आपल्या शब्दात रंगारी आहे. आणि आपल्या नैयायिकांना या रंगाऱ्याची कल्पना होती असं मला वाटतं. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन भाग आहेत, अनुभव आणि स्मृती. प्रमाणं मोजायची ती अनुभवाची. स्मृती केवळ संस्कारातून येते, म्हणून ती साक्ष म्हणून उभी राहू शकत नाही. मी तीस वर्षं हे शिकवलं. शिकवताना सोपं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं घाटावरून एक खिल्लार खोंड आणला, शर्यतीसाठी. पैसे किती मोजले ते सांगत नाही, माझी पेन्शन लाजेल. घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, ‘ही कसली शर्यत? बैल कामाला जुंपायचा नाही, नुसता पळवायचा. आमच्या वेळी बैल घरचा माणूस होता.’ मी म्हणालो, ‘दादा, तू पराणीला आर लावायचास. कवड्याच्या पुठ्ठ्यावर रक्त यायचं, आई हळद लावायची.’ दादा म्हणाला, ‘आपल्या पराणीला आर कधीच नव्हती.’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पराणी म्हणजे बैल हाकायची काठी आणि आर म्हणजे तिच्या टोकाचा खिळा.

एकच गाडी, दोघे भाऊ. त्याच्या आठवणीतून रक्त गेलं होतं. पण नियम मलाही लागू होतो. कदाचित माझ्याच आठवणीत नंतरच्या कोर्टाच्या बातम्या मिसळल्या असतील, अपराधीपणाचाही रंग असतोच की. पुतण्यानं माळ्यावरून ती पराणी शोधून काढली. टोकाला भोक होतं, खिळा नव्हता. दादानं ती हातात घेतली, भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘पडला वाटतं कुठंतरी.’

म्हणून दादाचं सगळं म्हणणं टाकून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी चिकटल्या आहेत. ‘बैल सुखी होता’ हे एक. ते रंगवलेलं आहे. ‘बैल आणि आम्ही एकाच कामात होतो’ हे दुसरं, आणि ते खरं आहे. पाट्या वाहणारा बैल आणि पाट्या भरणारा माणूस यांची ती शर्यत होती. आयोवातले म्हातारे शेडमध्ये जोडलेल्या गाडीसाठी हळहळतात तेही हेच. गेलं ते कामाशी असलेलं नातं, आणि ते न्यायालयानं नेलं नाही. ते टेम्पोनं नेलं, तारापूरच्या एमआयडीसीनं नेलं. टेम्पो आल्यावर मीही बैलगाडीत बसलो नाही, हेही सांगून टाकतो.

पुतण्यानं मला सरळ विचारलं, ‘काका, मी करतोय ते बरोबर की चूक?’ मी म्हणालो, पूर्वी होतं म्हणून बरोबर, हे उत्तर देऊ नकोस. पूर्वी आर पण होती. आता नियमात काठी, टोचणी, विजेचा झटका, सगळ्याला बंदी आहे. त्या अटी पाळून तुझा खोंड पळत असेल, तर तुझी शर्यत दादाच्या शर्यतीपेक्षा चांगली आहे, दादाला काहीही वाटो. आणि अटी पाळून तो पळत नसेल, तर त्याला पळायचं नाही, एवढं समज. त्याला हे पटलं की नाही, माहीत नाही. खोंड अजून घरी आहे, संध्याकाळी दादाच त्याला फिरवून आणतो.

वेळ झाली आहे. मागच्या रांगेतून एक हात मघापासून वर आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.