उमर याघींना नोबेल मिळालं, पण त्यांनी शोधलं काय?

8 ऑक्टोबर 2025 ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच फोटो फिरू लागला. प्रोफेसर उमर याघी. जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, फलस्तिनी निर्वासित कुटुंबात जन्मलेले. मुबारकबाद, माशाअल्लाह, हिरवी पानं, ट्रॉफ्या, सगळं आलं. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात आम्ही मोठ्या उत्साहाने ही बातमी सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पण त्यांनी शोधलं काय?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. स्टाफरूममध्ये विज्ञान शिकवणारे आम्ही तिघं-चौघं, पण सगळ्यांची गाडी "काहीतरी मटेरियल आहे, हवेतून पाणी काढतं" इथेच अडली. त्यानंतर बसून जे वाचलं, ते इथे मांडतो आहोत.

आधी एक दुरुस्ती. हे नोबेल तिघांना मिळून आहे: जपानच्या क्योतो विद्यापीठाचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला शिकवणारे रिचर्ड रॉबसन, आणि अमेरिकेत बर्कलीला असलेले उमर याघी. फॉरवर्ड करताना आपण दोघांना कापून टाकलं, हे काही बरोबर नाही. त्यातून रॉबसन यांचा किस्सा आम्हा शिक्षकांना फारच जवळचा. 1974 मध्ये मुलांना रेणूंची रचना दाखवायला ते लाकडी गोळे आणि काड्यांचे मॉडेल बनवत होते. कुठल्या गोळ्याला कुठे भोक पाडायचं हे ठरवताना लक्षात आलं, की भोकं योग्य जागी असली की मॉडेल आपोआप बरोबर आकारात उभं राहतं. मग खरे अणू वापरून असंच काही बांधता येईल का? हा विचार कागदावर यायला पुढे दहा-पंधरा वर्षं लागली.

आता मूळ गोष्ट. हे सगळं पृष्ठभागाचं रसायनशास्त्र आहे. आपण एखाद्या वस्तूकडे बघतो तेव्हा ती किती किलो, किती लिटर हे बघतो. पण रसायनाचं बरंचसं काम चालतं ते वस्तूच्या कडेला, जिथे ती संपते आणि हवा किंवा पाणी सुरू होतं तिथे. वर्गात मधल्या बाकावर बसलेल्या मुलाच्या चारही बाजूंना दोस्त असतात, तो आपला गप्पांत दंग. खिडकीशेजारचा मुलगा मात्र रस्त्यावरून जाणाऱ्याला हात करतो. अणूंचंही थोडं तसंच आहे. आतल्या अणूला सगळीकडून शेजारी असतात. कडेच्या अणूची एक बाजू मोकळी असते, म्हणून तो जवळून जाणाऱ्या रेणूला धरून ठेवतो. याला पुस्तकात अधिशोषण म्हणतात. मुलं हा शब्द शोषणाशी हमखास गोंधळतात. पाव चहात बुडवला की चहा पावाच्या आत मुरतो, ते शोषण. फ्रीजमधला वास जावा म्हणून आपण कोळशाचा तुकडा ठेवतो, तेव्हा वासाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात, ते अधिशोषण. (परीक्षेत हा फरक दोन मार्कांना येतो, आणि दरवर्षी अर्धा वर्ग चुकतो.)

साहजिकच पृष्ठभाग जितका जास्त, तितकं काम जास्त. कांदा बारीक चिरला की लवकर परतला जातो, त्याचं कारण हेच. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. तोच एक-एक मिलिमीटरच्या घनांत कापला तर 1000 तुकडे होतात आणि एकूण पृष्ठभाग 60 चौरस सेंटिमीटर. माल तेवढाच, पृष्ठभाग दहापट.

याघींनी कापण्याऐवजी उलटा रस्ता धरला. कापत बसण्यापेक्षा पोकळच बांधायचं. लग्नाच्या मांडवाचा कापड चढवण्याआधीचा सांगाडा डोळ्यांसमोर आणा. आडवे-उभे बांबू, आणि जिथे ते भेटतात तिथे सुंभाची गाठ. आत सगळी मोकळी जागा. एकही बांबू असा नाही की ज्याला वारा लागत नाही. या पदार्थात गाठींच्या जागी धातूच्या अणूंचे पुंजके असतात आणि बांबूंच्या जागी कार्बनी रेणूंच्या काड्या. नाव मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, थोडक्यात मॉफ. 1999 मध्ये याघींच्या गटाने मॉफ-5 जाहीर केला. गाठी जस्त आणि ऑक्सिजनच्या, काड्या टेरेफ्थॅलिक आम्लाच्या. हे आम्ल काही दुर्मिळ नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या ज्या पीईटीच्या असतात, ते बनवायलाही हेच लागतं. या मॉफच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 2,900 चौरस मीटर पृष्ठभाग मोजला गेला. गुंठ्यांत सांगायचं तर साधारण अठ्ठावीस-एकोणतीस गुंठे, म्हणजे पाऊण एकराच्या जरा खाली. चिमूटभर भुकटीत! हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी दोनदा ताडून पाहिला.

पण नुसती जागा असून भागत नाही. खरी मेख पुढे आहे.

नव्या बुटांच्या खोक्यात किंवा पर्समध्ये एक छोटी पुडी निघते, "खाऊ नका" लिहिलेली. ती सिलिका जेल. तिच्या एका ग्रॅममध्येही पाचशे ते आठशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि हवेतली वाफ ती झकास पकडते. मग तिच्याकडूनच पाणी का घेऊ नये? कारण ती ते परत देताना खळखळ करते. ते पूर्ण काढायचं तर तिला शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. झिओलाइट नावाचे खडे तर त्याहून चिवट, दोनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पाणी नीट सोडत नाहीत. म्हणजे लिटरभर पाण्यासाठी एवढं इंधन जाळायचं की पाणी विकत घेतलेलं परवडेल. दुसरीकडे पकड ढिली असेल तर कोरड्या हवेत काही हातालाच लागत नाही. पकड हवी, पण सुटेल एवढीच. आमच्या मते या विषयाचं सगळं सार या एका ओळीत आहे.

ही गोष्ट फक्त पाण्याची नाही. शेतात जो युरिया पडतो, तो ज्या अमोनियापासून बनतो, तो लोखंडाच्या पृष्ठभागावर तयार होतो. हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की सहज वेगळे होत नाहीत. लोखंड त्यांना धरतं, तोडतं, हायड्रोजनशी जुळवतं आणि मग सोडून देतं. धरूनच ठेवलं असतं तर कारखाना पहिल्याच दिवशी बंद पडला असता. 1913 पासून जर्मनीत हा कारखाना चालू होता, पण पृष्ठभागावर पायरी-पायरीने नेमकं काय घडतं हे बर्लिनच्या गेरहार्ड एर्टल यांनी कितीतरी दशकांनंतर उलगडलं. त्यांना 2007 चं नोबेल मिळालं.

पाण्याकडे परत येऊ. याघींना पाण्याचंच वेड का, हे त्यांच्या लहानपणात आहे. एका खोलीचं घर, त्यात मोठं कुटुंब आणि पाळलेली जनावरंही. वीज नाही. पाणी रोज नाही, मधूनमधून काही तास येणार, तेव्हा उठून मिळेल ते भांडं भरून ठेवायचं. आपल्यापैकी किती घरांत आजही नळाच्या वेळेप्रमाणे अलार्म लागतो, ते वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे प्रसिद्ध झालेला मॉफ-5 पाण्याच्या कामाचा नव्हता. दमट हवेत त्याची रचनाच मोडते. म्हणून धातू बदलले. झिर्कोनियमचा मॉफ-801 आला, मग ॲल्युमिनियमचा मॉफ-303. ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या पातेल्यांचा धातू, जस्ताच्या मानाने पाण्यापुढे इथे टिकणारा आणि झिर्कोनियमपेक्षा स्वस्त.

आणि मग 2021 मध्ये जे झालं ते आम्हाला सगळ्यात थक्क करणारं वाटतं. याघींच्या गटाने मॉफ-303 चा एकेक स्फटिक घेतला, त्यात थोडं-थोडं पाणी जाऊ दिलं आणि प्रत्येक टप्प्यावर क्ष-किरणांनी पाहिलं, की पाण्याचा रेणू नेमका कुठे बसला आहे. पहिले रेणू येतात ते काड्यांवरच्या ठरावीक जागी जाऊन पक्के बसतात. नंतर आलेले त्यांना धरून बसतात, त्यांचे छोटे घोळके होतात. घोळके जोडून साखळ्या, आणि शेवटी सगळी पोकळी भरणारं जाळं. जुम्म्याला मशिदीत आधी आलेले भिंतीला टेकून जागा धरतात आणि मागून येणारे त्यांच्या शेजारी भरत जातात, तसंच काहीसं.

यातून काय कळलं? की अडचण पहिल्या बसलेल्यांची आहे. तेच सगळ्यात घट्ट चिकटतात आणि त्यांना उठवायलाच जास्त उष्णता खर्च होते. मग संशोधकांनी काही काड्या बदलल्या. मूळ काडीच्या जागी तिच्याचसारखी पण पाण्याला थोडी सैल धरणारी दुसरी काडी, ठरवलेल्या प्रमाणात मिसळली. पहिल्या रेणूंची पकड कमी झाली आणि कमी उष्णतेत पाणी सुटू लागलं. आधी पदार्थ बनवायचा आणि मग तो कामाचा निघतो का बघायचं, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली होती. इथे एकेका रेणूची जागा बघून पदार्थ दुरुस्त केला गेला.

प्रत्यक्ष पाणी किती मिळतं? 40 अंश तापमानाच्या, 20 टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेतही घनमीटरमागे साधारण 10 ग्रॅम वाफ असते, म्हणजे दोन छोटे चमचे. थंड करून दव पाडणाऱ्या यंत्रांना एवढ्या कोरड्या हवेत फार वीज लागते. 2019 मध्ये मॉफ-303 वापरून दिवसातून अनेक वेळा भरणारं-रिकामं होणारं यंत्र कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात चालवलं, तेव्हा एका किलो मॉफमागे दिवसाला 0.7 लिटर पाणी आलं. त्याला सौर वीज जोडलेली होती. पुढे डेथ व्हॅलीत, जगातल्या सर्वांत तापणाऱ्या ठिकाणांपैकी एकात, विजेशिवाय केवळ उन्हावर चालणारा हातात मावेल असा संच ठेवला. रात्री हवा खेळू द्यायची, दिवसा बंद करून उन्हात ठेवायचं. तिथे किलोमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी निघालं.

इथे आमच्या वर्गाने हिशोब केला. पाच माणसांच्या घराला फक्त पिण्यासाठी दिवसाला 10 लिटर धरा. मोहावेच्या दराने 14 किलोच्या वर मॉफ लागेल, डेथ व्हॅलीच्या दराने 50 किलो. धुणं, भांडी, वुजू, जनावरं यांचा यात विचारच नाही. त्यामुळे "आता टँकर बंद होणार" असे जे व्हिडिओ फिरत आहेत, ते पुढे पाठवू नका. विहीर, तलाव, गळणारी पाइपलाइन यांची कामं जागच्या जागी आहेत. हा शोध तूर्त अशा ठिकाणी उपयोगी, जिथे दुसरा कुठलाच स्रोत नाही आणि थोडं पाणीही मोलाचं आहे. मॉफ टनावारी आणि स्वस्त बनणं, वर्षानुवर्षं धूळ खाऊन टिकणं, ही पुढची लढाई आहे. याघींनी त्यासाठी स्वतः कंपनीही काढली आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. याघी दहा वर्षांचे असताना शाळेचं ग्रंथालय, जे बहुतेक वेळा कुलूपबंद असायचं, एक दिवस उघडं दिसलं. ते आत शिरले, हाताला येईल ते पुस्तक काढलं. त्यात काही आकृत्या होत्या, समजल्या काहीच नाहीत, पण नजर हटेना. त्या रेणूंच्या आकृत्या होत्या. पंधराव्या वर्षी वडिलांनी अमेरिकेला पाठवलं. तिथे दुकानात पिशव्या भरणं, फरशी पुसणं अशी कामं करत शिक्षण झालं. हे वाचल्यावर आम्ही आमच्याच शाळेतली पुस्तकांची दोन कपाटं आठवली. दोन्हींना कुलूप. कारण विचारलं तर "मुलं पुस्तकं फाडतात." एक कपाट आता मधल्या सुट्टीत उघडं असतं. दुसऱ्याची चावी अजून सापडायची आहे.

त्या मुलीचा गट सध्या सिलिका जेलवर प्रयोग करतो आहे. घरीही करता येईल. पारदर्शक खडेच घ्या, निळे नकोत, त्यात कोबाल्ट असतं. लहान मुलांपासून लांब ठेवा. खडे मंद आचेवर जुन्या तव्यात, मोठ्या माणसासमोर, नीट सुकवून घ्या आणि झाकून गार करा. किचन काट्यावर 50 ग्रॅम मोजून ताटलीत पसरा. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. वजन वाढायचं थांबलं की खडे पुन्हा सुकवून सुरुवात. मुलींनी दोन ताटल्या ठेवल्या आहेत, एक मोरीजवळ आणि एक माळ्यावर. मोरीजवळची पुढे आहे.