आधी वाट, मग बोट

क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी बोट येते. ती किती मजली, पोहायचे तलाव किती, जेवणात काय काय. अलास्काचं ठरवताना आम्हीही तिथूनच सुरुवात केली. मुलगी-जावई सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतात, आम्ही दोघं उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणार होतो. एका एजंटानं कार्यक्रम पाठवला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘अलास्का, ७ रात्री, हिमनद्या व वन्यजीव’. जावयानं तो वाचला आणि एवढंच विचारलं, “आई, कोणती हिमनदी?” कागदावर ते कुठंच नव्हतं. एजंटाला फोन केला, तर “दिसेल की एखादी” असं उत्तर आलं. त्या रात्री आम्ही चौघं नकाशा उघडून बसलो, आणि बोटीचं पत्रक बाजूला राहिलं ते राहिलंच.

पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. आधी वाट ठरवा. त्या वाटेवर जाणाऱ्या बोटी मग आपोआप समोर येतात.

बहुतेक क्रूझ जातात त्या आग्नेय अलास्कात, म्हणजे कॅनडाच्या किनाऱ्याला लागून खाली उतरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात. तिथं मुख्य भूमीसमोर शेकडो बेटांची माळ आहे आणि तिच्या आडोशानं जाणारा जलमार्ग म्हणजे ‘इनसाइड पॅसेज’. महासागराची लाट बेटांवर अडते, त्यामुळे आतलं पाणी बरेचदा तळ्यासारखं शांत असतं. बोट लागण्याची भीती असलेल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. व्हँकुव्हरहून सुटणारी बोट सहसा पहिल्या दिवसापासूनच या आडोशात असते. सिॲटलहून सुटणारी बरेचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जाते, आणि तिथं ती हलते.

या पट्ट्यात हिमनद्या का, हे आपल्याला समजायला सोपं आहे. मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात, तसंच इथं पॅसिफिकवरून आलेलं बाष्प किनाऱ्यालगतच्या उंच डोंगरांना अडतं. फरक एवढाच की त्यातलं माउंट फेअरवेदर ४,६७१ मीटर उंच आहे, त्यामुळे वर पडतं ते बर्फ. वर्षानुवर्षं ते साचतं, स्वतःच्याच भारानं दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि घट्ट झालेला बर्फ उताराला लागतो. आपल्याकडे गोमुखाला जाऊन आलेल्यांनी हिमनदीचं तोंड पाहिलेलं असतं, पण तिथं पोचायला डोंगर चढावा लागतो. अलास्कात कितीतरी हिमनद्या थेट समुद्रात उतरतात आणि बोट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही डेकवर खुर्ची टाकून हिमनदी पाहता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कोणती हिमनदी, हा जावयाचा प्रश्न. कार्यक्रमात चार नावं शोधा. पहिलं ग्लेशियर बे. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ बोटींना आत सोडतात, त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या फेऱ्यांत ते नसतं. दुसरं हबर्ड. ही हिमनदी जवळपास १२२ किलोमीटर लांब आणि समुद्राशी तिचा कडा सुमारे दहा किलोमीटर रुंद. जगभरातल्या हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ साली आणि पुन्हा २००२ साली तिनं शेजारच्या फियोर्डचं, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद खाडीचं, तोंडच बंद करून टाकलं होतं. पण हबर्डपुढचं पाणी कधीकधी तुटलेल्या बर्फानं इतकं भरतं की बोटीला लांबूनच परतावं लागतं. त्या उपसागराचं नाव डिसएन्चांटमेंट बे, म्हणजे भ्रमनिरासाचा उपसागर. मालास्पिना हा दर्यावर्दी १७९१ साली अटलांटिककडे जाणारी वाट शोधत तिथं आला आणि पुढे बर्फाची भिंत लागली, त्यावरून ते पडलं. उरलेली दोन नावं ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म, दोन्ही उभ्या कड्यांमधल्या अरुंद फियोर्ड. १० ऑगस्ट २०२५ रोजी ट्रेसी आर्ममध्ये साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि त्सुनामी उठली. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, आपल्या फेरीचा मार्ग पैसे भरण्याआधी पुन्हा पाहा. आम्ही ग्लेशियर बे धरलं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

व्हिसाचं मात्र आधीच सांगते, कारण इथं भल्याभल्यांची अडचण होते. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा अजून लागू आहे. परदेशी नोंदणीच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत, आणि सिॲटलहून निघून सिॲटललाच परतायचं तरी मध्ये परदेशी बंदराला लागावंच लागतं. मोठ्या क्रूझ बोटी जवळपास सगळ्याच परदेशी नोंदणीच्या. म्हणून एकतर प्रवास व्हँकुव्हरहून सुरू होतो, नाहीतर सिॲटलहून निघालेली बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबते. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा अनेकदा प्रवेश करता येणारा व्हिसा आणि कॅनडाचा व्हिसा, दोन्ही हाताशी हवेत. मुलांकडे जायचा अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहिलेलं, आमच्या माहितीतलं एक जोडपं कॅनडाच्या व्हिसापायी जाऊ शकलं नाही. अर्ज लवकर करा. आणि बंदराच्या गावी एक दिवस आधीच पोचा. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही.

हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. शाळेत जाणारी मुलं बरोबर असतील तर आपली मे महिन्याची सुट्टी इथं नेमकी उपयोगी पडते. मे त्यातल्या त्यात कोरडा, डोंगर अजून पांढरे, गर्दी आणि भाडं दोन्ही कमी. जून ते ऑगस्ट देवमासे भरपूर. जूनमध्ये जुनोला जवळजवळ अठरा तास उजेड असतो. अस्वलं पाहायची असतील तर जुलै-ऑगस्ट, कारण तेव्हा सामन मासे समुद्रातून ओढ्यांमध्ये चढतात आणि अस्वलं काठावर येतात. सप्टेंबरात पाऊस वाढतो, पण रात्री पुन्हा काळोख्या झालेल्या असल्यानं आकाश मोकळं मिळालं तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. पाऊस कधीही गेलात तरी गृहीत धरा. केचिकनला वर्षाला ३,८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे मुंबईहून बराच जास्त आणि महाबळेश्वरहून कमी. आपण कोकण-घाटावरची माणसं, आपल्याला पावसाचं नवल नाही. फक्त तिथला पाऊस थंडगार असतो.

बंदरांबद्दल थोडक्यात. केचिकनला उंच कोरीव टोटेम खांब पाहा. स्कॅगवेला १८९७-९८ च्या सोन्याच्या शोधातल्या गर्दीच्या खुणा आहेत आणि त्या काळात बांधलेली अरुंद रुळांची डोंगरी रेल्वे आजही प्रवाशांना घाटात नेते. ज्यांना माथेरानची गाडी आवडते त्यांना ही आवडेलच. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथं एकही रस्ता येत नाही, बोटीनं किंवा विमानानंच जायचं. गर्दीचा ताण सोसेना म्हणून जुनोनं २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी, असा करार क्रूझ कंपन्यांशी केला आहे. तुमच्या बंदरात त्या दिवशी आणखी किती बोटी आहेत हे पाहून फेरी निवडली तर किनाऱ्यावरचे तास सुखाचे जातात.

जुनोला पैसे खर्च करायचे असतील तर ते देवमाशांच्या छोट्या होडीवर करा. मोठ्या बोटीवरूनही देवमासे दिसतात, पण लांबून. आमची होडी ऑक बेच्या धक्क्यावरून निघाली. होडीवाल्या बाईंनी पाहायचं कसं ते शिकवलं. देवमासा शोधू नका, श्वास शोधा. क्षितिजाजवळ पांढऱ्या वाफेचा उभा फवारा उठतो, कुकरची शिट्टी झाल्यावर उठतो तसा, आणि हवेत क्षणभर टिकतो. हंपबॅक देवमासा बारा ते पंधरा मीटरचा असतो. हिवाळ्यात यातले कितीतरी हवाईच्या उबदार पाण्यात पिल्लं घालायला जातात, तिथं जवळजवळ काही खात नाहीत, आणि उन्हाळ्यात हजारो किलोमीटर पोहून इथं जेवायला येतात. आमच्यासमोर एकानं पाठ वाकवली, शेपूट पूर्ण वर काढली आणि तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग स्वच्छ दिसले. आपल्या बोटांच्या ठशांसारखे ते प्रत्येकाचे निराळे असतात, त्यांच्या फोटोंवरून अभ्यासक एकेकाला ओळखतात. शेपूट बुडाली, पाण्यावर गुळगुळीत गोल डाग उरला, आणि वाऱ्यावरून त्याच्या श्वासाचा माशांचा उग्र वास आमच्यापर्यंत आला. कायद्यानं शंभर यार्डांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या आत जाता येत नाही. बाईंनी इंजिन बंद करून ठेवलं होतं. ज्या होडीवाल्याला हे अंतर पाळायची फिकीर नसते, त्याच्याबरोबर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुर्बीण प्रत्येकाची आपापली न्या, आठपट मोठं दाखवणारी पुरते. एकच असली तर ती हातात येईपर्यंत ऑर्का देवमासा बुडालेला असतो. काळ्याकुट्ट झाडीत कापसाचा बोळा अडकल्यासारखं दिसलं तर ते पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं डोकं. पाण्यावर उताणं तरंगत पोटावर शिंपला ठेवून फोडणारं जनावर दिसलं तर ते समुद्री पाणमांजर. फरासाठी केलेल्या शिकारीत ती आग्नेय अलास्कातून पूर्ण नाहीशी झाली होती, १९६०च्या दशकात सुमारे चारशे जनावरं दुसरीकडून आणून सोडली, आज दिसतात ती त्यांचीच प्रजा.

खोली कोणत्या बाजूची घ्यावी, असं सगळे विचारतात. हिमनदीपुढे बोट गोल फिरते, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. बाल्कनी परवडत नसेल तर आतली खोली घेऊन वाचलेले पैसे छोट्या होडीला लावा. डेक सगळ्यांचाच असतो. कपडे एकावर एक घालायचे, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट, शिवाय कानटोपी आणि हातमोजे. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. वैद्यकीय विमा घ्या, आणि बोटीवर फोन विमान-मोडवर ठेवा, समुद्रातल्या नेटवर्कचं बिल धडकी भरवणारं असतं.

आणि आता ग्लेशियर बे. सकाळी लवकर एक लहान होडी बोटीच्या कुशीला लागली आणि उद्यानाचे रेंजर दोराच्या शिडीवरून वर चढले. दिवसभर त्यांच्यातली एक तरुण रेंजर ध्वनिक्षेपकावरून बोलत होती. १७९४ साली व्हँकुव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेतले लोक इथं आले तेव्हा उपसागर नव्हताच, किनाऱ्याला एक खोबण आणि मागे बर्फाचा डोंगर होता. १८७९ साली निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ पन्नासेक किलोमीटर तरी मागे गेला होता, १९१६ पर्यंत जवळजवळ शंभर. त्याच्याही आधी इथं हूना त्लिंगित लोकांची वस्ती होती, बर्फ पुढे सरकला तसं त्यांना आपलं गाव सोडावं लागलं. त्यांच्या भाषेत या जागेच्या नावाचा अर्थ ‘हिमनदीच्या जागचा उपसागर’. २०१६ साली याच उद्यानातल्या बार्टलेट कोव्हला त्यांचं कुलगृह पुन्हा उभं राहिलं.

मग तिनं आम्हाला झाडांकडे पाहायला सांगितलं. तोंडाशी स्प्रूस आणि हेमलॉकचं दाट, उंच रान. बोट आत जाऊ लागली तशी झाडं बुटकी होत गेली. पुढे नुसती आल्डरची झुडपं, मग शेवाळ, मग उघडा खडक. जमिनीवरचा बर्फ ज्या क्रमानं हटला, त्याच क्रमानं हिरवळ मागून आली. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१६ पासून इथं जमिनीचे छोटे तुकडे आखून वर्षानुवर्षं हेच मोजलं, आणि त्याच्या पाठपुराव्यानं १९२५ साली ही जागा राखीव झाली. दोनशे वर्षांची वाढ आम्ही एका सकाळी उलटीकडून पाहत होतो. हे शांतपणे उभं राहून पाहायचं असतं. त्या सकाळी न्याहारीच्या रांगेत अर्धा तास घालवणाऱ्यांना ते दिसलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटली.

मार्जरी हिमनदीपुढे बोट थांबली. पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच भिंत, मळकट पांढरी, आणि तिच्या भेगांत निळा रंग. घट्ट बर्फात हवेचे बुडबुडे राहत नाहीत आणि तांबडा प्रकाश तो शोषून घेतो, म्हणून निळा तेवढा बाहेर येतो. कारण कळल्यानं तो रंग कमी झाला नाही. भिंतीच्या डाव्या अंगाला धुरासारखं काही उडालं आणि एक सुळका हळूच खाली बसला. आवाज काहीच नाही. पाणी वर उसळलं आणि मग, दीडएक सेकंदानं, ढगांचा गडगडाट कानी आला. त्लिंगित लोक याला पांढरा गडगडाट म्हणतात. हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझा हात धरला, आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. त्या तासाभरात मी दोनच फोटो काढले.

परतताना सगळं उलट्या क्रमानं आलं. खडक, शेवाळ, झुडपं, मग हळूहळू रान. तोंडाजवळ बोटीचा वेग कमी झाला. इथं देवमासे असले की उद्यान वेगावर १३ नॉटची मर्यादा घालतं, असं रेंजरनं सांगितलं, आणि ‘स्नो’ची गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षं या पाण्यात येणारी ती हंपबॅक मादी २००१ साली एका क्रूझ बोटीची धडक बसून मेली. तिच्या पोटात पिल्लू होतं. तिचा साडेतेरा मीटरांहून लांब सांगाडा आता बार्टलेट कोव्हला मांडून ठेवला आहे. डेकवर गर्दी होती, पण कुणी बोलत नव्हतं. उजवीकडे, बरंच लांब, वाफेचा एक फवारा उठला, त्याच्यामागे दुसरा, त्याहून बुटका. रेंजरनं ध्वनिक्षेपक बंद केला, टोपी घट्ट केली आणि खाली शिडीपाशी गेली. लहान होडी तिला घ्यायला येत होती.